तरुण ब्लॅक मुलामुलींमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स आणि हाय बीपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नर्सिंग, फार्मसी, डाएट असल्या कामांत आता बरीच मराठी मुलंमुली आहेत, आणि अटलांटा, शिकागो, डेट्रॉइट, मेम्फिस अशा ठिकाणी असाल तर समोर येणारे बरेचसे पेशंट ब्लॅक असतात. त्यातला सव्वीस-सत्तावीसचा एखादा पोरगा येतो, बीपी १३८/८८, शुगर नॉर्मल, दिसायला धडधाकट, आणि "टेन्शन असेल" म्हणून सगळे सोडून देतात, त्यामागे इन्सुलिन रेझिस्टन्स असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांचं शेवटी डॉक्टरलाच विचारायचं, पण तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

शुगर नॉर्मल आहे तर इन्सुलिन रेझिस्टन्स कसा काय असेल?

हाच तर सगळा घोळ आहे. जेवलं की रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, त्याच्या सांगण्यावरून स्नायू साखर आत घेतात आणि लिव्हर स्वतःची साखर बनवणं आवरतं घेतं. रेझिस्टन्स म्हणजे हे सांगणं ऐकू येईनासं होणं. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर येते आटोक्यात. समजा घरातलं पोरगं एका हाकेत उठेनासं झालं, तर आई चार हाका मारते, पोरगं उठतं, शाळेत वेळेवर पोचतं, बाईंना वाटतं सगळं छान चाललंय, पण त्या चार हाकांनी शेजाऱ्यांची झोप मोडलेली असते. शुगरचा रिपोर्ट म्हणजे ती शाळेची हजेरी. स्वादुपिंड दमेपर्यंत तो नॉर्मलच येत राहतो, कधी कधी कितीतरी वर्षं, आणि इन्सुलिन मात्र सगळा वेळ चढलेलं.

ठीक आहे, पण यात बीपी कुठून आलं?

शेजाऱ्यांकडून. स्नायू बहिरे झाले तरी किडनीला इन्सुलिन नीट ऐकू येत असतं, आणि किडनीला इन्सुलिनचं सांगणं एकच, सोडियम बाहेर टाकू नकोस, परत आत घे. राल्फ डीफ्रॉन्झो आणि मंडळींनी हे १९७५ मध्येच माणसांवर दाखवलं होतं, इन्सुलिन वाढवलं की लघवीतून जाणारं सोडियम घटतं. सोडियम राहिलं की पाणी राहिलं, पाणी राहिलं की रक्ताचं आकारमान वाढलं. शिवाय इन्सुलिन सिंपथेटिक नर्व्हस सिस्टिमला (धोक्याच्या वेळी शरीराला सावध करणाऱ्या नसांना) जागं करतं, म्हणजे नाडी थोडी जलद, रक्तवाहिन्या थोड्या आवळलेल्या. आणि तिसरं म्हणजे निरोगी माणसात इन्सुलिनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन त्या सैलावतात, रेझिस्टन्स आला की नेमकं हे सैलावणं कमी होतं आणि आवळणारी बाजू तशीच चालू राहते. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हाय इन्सुलिन, बीपी, बिघडलेलं कोलेस्ट्रॉल हे सगळं एका दावणीला बांधून त्याला सिंड्रोम एक्स म्हटलं, आज आपण ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो ते.

पंचविशीत कुणाला बीपी असतं?

असतं हो. १९८५-८६ मध्ये बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांत १८ ते ३० वयाच्या ५,११५ ब्लॅक आणि गोऱ्या मुलामुलींना घेऊन कार्डिया नावाचा अभ्यास सुरू झाला, तो अजून चालू आहे, ती मुलं आता साठीच्या आसपास आहेत. सुरुवातीला ज्यांचं बीपी नॉर्मल होतं त्यांच्यापैकी पंचावन्नाव्या वर्षापर्यंत किती जणांना हायपरटेन्शन, म्हणजे हाय बीपी झालं हे २०१८ मध्ये छापून आलं: ब्लॅक पुरुष आणि बायका दोन्हींत सुमारे ७५ टक्के, गोऱ्या पुरुषांत ५४.५, गोऱ्या बायकांत ४०. आणि ही दरी पन्नाशीत अचानक पडलेली नाही, तिशीच्या आसपासच ती दिसायला लागते.

त्याच अभ्यासातून आलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चाळिशीच्या आतच ज्यांचं बीपी १४०/९० किंवा वर गेलं होतं किंवा गोळी चालू होती, त्यांना पुढे हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे होण्याचा धोका नॉर्मल बीपीवाल्यांच्या साडेतीन पट निघाला. त्यामुळे "वय लहान आहे, बघू पुढे" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही.

म्हणजे हे त्यांच्या जीन्समध्येच आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला "हो" हेच उत्तर हवं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी एकाच पद्धतीने, सारखं ट्रेनिंग दिलेल्या माणसांकडून, पश्चिम आफ्रिकेत, कॅरिबियन बेटांवर आणि शिकागोजवळच्या मेवुडमध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांचं बीपी मोजलं. १९९७ मध्ये आकडे आले: पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के लोकांना हायपरटेन्शन, कॅरिबियनमध्ये २६, अमेरिकेत ३३. पूर्वज साधारण त्याच भागातले, मग बदललं काय? वजन, मीठ, डब्यातलं खाणं, बसून काम, आणि कुठल्या समाजात कुठल्या पायरीवर जगावं लागतं ते. नंतर २००५ मध्ये त्यांनी गोऱ्यांचे देशही तुलनेला घेतले तर जर्मनीतल्या गोऱ्यांमध्ये हायपरटेन्शनचं प्रमाण अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांपेक्षाही जास्त निघालं. जर्मन जीन्सवर मात्र तेवढ्या हिरिरीने कुणी बोलताना दिसत नाही.

गुलामांच्या जहाजांवर ज्यांचं शरीर मीठ धरून ठेवायचं तेच जगले आणि म्हणून आज बीपी, ही गोष्टही तुम्ही ऐकली असेल, टीव्हीवर वगैरे खूप चालली. ऐकायला एकदम पटते, पण फिलिप कर्टिन या इतिहासकाराने १९९२ मध्ये जहाजांच्या नोंदी आणि पश्चिम आफ्रिकेतल्या मिठाच्या व्यापाराचा इतिहास पुढे ठेवून तिला आधार नाही हे दाखवून दिलंय.

जीन्सचं काहीच नाही असंही नाही. एपीओएल१ नावाच्या जीनचे दोन प्रकार पश्चिम आफ्रिकन वंशात सापडतात, स्लीपिंग सिकनेस या आफ्रिकेतल्या आजाराच्या जंतूपासून ते बचाव करतात, पण दोन्ही आईबापांकडून आले तर किडनीच्या आजाराचा धोका वाढतो, आणि अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांपैकी साधारण १३ टक्क्यांकडे अशी जोडी असते. पण तो मुख्यतः किडनीचा मामला आहे, सगळ्यांच्या बीपीचा खुलासा त्यातून होत नाही. दुसरीकडे १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्लॅक वस्त्या लाल रंगात रंगवून तिथे घरकर्ज नाकारलं गेलं, त्यातल्या कितीतरी वस्त्यांत आजही धड भाजी मिळणारं दुकान नाही, हेही कारणांमध्येच मोजायला हवं. गॅस स्टेशनवर (पेट्रोल पंपावरच्या दुकानात) जे मिळतं तेच पोरं खातात.

मग ब्लॅक तरुणांच्या शरीरात इन्सुलिनचं वेगळं काही दिसतं का?

दिसतं. अगदी शाळकरी ब्लॅक मुलांमध्येही, वजन सारखं असताना, गोऱ्या मुलांपेक्षा रक्तात इन्सुलिन जास्त सापडतं. एक तर स्वादुपिंड जास्त जोरात सोडतं, आणि दुसरं म्हणजे लिव्हर जे इन्सुलिन वाटेतच काढून टाकत असतं ते इथे कमी काढलं जातं. म्हणजे दोन्हीकडून भर. फिलाडेल्फियात बॉनिटा फॉकनर यांच्या टीमने १९९० च्या सुमारास तरुण ब्लॅक पुरुषांवर इन्सुलिन क्लॅम्प ही किचकट तपासणी केली (हाताला सलाइन लावून तासन् तास इन्सुलिन आणि साखर मोजून सोडत बसायचं), तर ज्यांचं बीपी नुसतं बॉर्डरवर होतं त्यांच्या शरीरातही इन्सुलिनचा असर कमी दिसला.

म्हणजे हे सिद्ध झालं, बीपीचं कारण इन्सुलिनच?

थांबा, एवढं सोपं नाही. १९९१ मध्ये मोहम्मद साद आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनातले पिमा आदिवासी, गोरे आणि ब्लॅक अशा तिघांची तुलना केली, तर इन्सुलिन रेझिस्टन्स आणि बीपीचा सरळ संबंध फक्त गोऱ्यांत दिसला. पिमा लोकांत रेझिस्टन्स भरपूर तरी बीपी त्या मानाने कमी. म्हणजे रेझिस्टन्स हा एक रस्ता आहे, एकमेव नाही. ब्लॅक लोकांमध्ये रेनिन (किडनीतून सुटणारं, बीपी चढवणारं रसायन) कमी आणि मिठाला बीपी पटकन चढणं हे जास्त दिसतं, रात्री झोपेत बीपी जेवढं उतरायला हवं तेवढं उतरत नाही, झोपच कमी, शिफ्टचं काम, घोरणं. माझं स्वतःचं मत विचाराल तर कुणाच्या बीपीला इन्सुलिन किती जबाबदार आणि मीठ किती याचा हिशोब क्लिनिकमध्ये बसून लागत नाही आणि लावायची गरजही नाही, कारण दोन्हीवरचे पहिले उपाय तेच आहेत.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, तरी काळजी करायची?

रिपोर्ट कुठला त्यावर. इथे दोन फसगती आहेत.

पहिली ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या एका चरबीची. बहुतेक लोकांत रेझिस्टन्स आला की ट्रायग्लिसराइड वाढतात, त्यामुळे डॉक्टर तिकडे बघून अंदाज बांधतात. ब्लॅक लोकांमध्ये रेझिस्टन्स असूनही ट्रायग्लिसराइड बऱ्याचदा नॉर्मल असतात. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या यादीत १५० ची रेघ आहे, ती ओलांडली जात नाही आणि माणूस यादीतून सुटतो, आजारातून नाही.

दुसरी एचबीए१सीची, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या टेस्टची. अमेरिकेत दर तेरा ब्लॅक बाळांमागे एकाला सिकल सेल ट्रेट असतो, म्हणजे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एकच जीन, आजार नाही, कित्येकांना पत्ताही नसतो. २०१७ मध्ये कार्डिया आणि मिसिसिपीतल्या जॅक्सन हार्ट स्टडीच्या लोकांवरून दिसलं की साखर तेवढीच असताना ट्रेटवाल्यांचा एचबीए१सी सुमारे ०.३ ने कमी येतो. ५.७ पासून प्रीडायबेटिस धरतात तिथे ०.३ म्हणजे बराच फरक. जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमच्या कमतरतेतही तो खोटा कमी येऊ शकतो. अशा वेळी उपाशीपोटी शुगर किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांची टेस्ट जास्त भरवशाची. हे विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या वाचकांनीही लक्षात ठेवा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात सिकल सेल आहे आणि नुसत्या एचबीए१सीवर विसंबण्याचा धोका तिथेही तोच.

मग इन्सुलिनचीच टेस्ट करून घेऊ का?

हौस असेल तर. उपाशीपोटी इन्सुलिन आणि शुगर घेऊन होमा-आयआर नावाचा रेझिस्टन्सचा आकडा काढतात, पण प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा, आणि रेझिस्टन्स अमुकच्या वर अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघ नाही. तेवढ्या पैशांत दंडाला लावायचं बीपी मशीन येतं. ते घ्या.

अंगावर काही लक्षणं दिसतात का?

बीपीची नाही. डोकं दुखलं तरच बीपी, हा समज काढून टाका. रेझिस्टन्सची एक खूण दिसते, मानेच्या मागे, काखेत कातडी जाड, मखमली आणि आजूबाजूपेक्षा काळपट होते. आधीच सावळ्या कातडीवर रंग पटकन कळत नाही म्हणून बोट फिरवून बघायचं, हाताला वेगळी लागते. आया बिचाऱ्या त्याला मळ समजून काथ्याने घासतात, मुलीची मान सोलून निघते तरी ते जात नाही, कारण तो मळ नाहीच. पाळी अनियमित, पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन्सचा विकार), पोटावर वाढलेला घेर, जोरात घोरणं याही खुणा धरा.

बीपी किती म्हणजे हाय, आणि मोजायचं कसं?

अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० किंवा त्यापुढे हायपरटेन्शन धरतात. ब्लॅक असाल किंवा वजन जास्त असेल तर अठरापासूनच दरवर्षी मोजा.

मोजण्यातच निम्म्या चुका होतात. परवा बघितलेलं सांगते, एक दणकट मुलगा, फुटबॉल खेळणारा, पार्किंगमधून धावत आला, टेबलावर बसवला, पाय लोंबकळतायत, स्वेटशर्टची बाही वर सरकवून दंडाला आवळलेली, त्यावर नेहमीचा कफ (मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा), तो वेल्क्रोला जेमतेम धरलेला, आणि वर नर्स त्याच्याशी गप्पा मारतेय. १५२ आलं. मोठा कफ लावून, पाच मिनिटं गप्प बसवून परत घेतलं तर १३४. तरी जास्तच, पण १५२ आणि १३४ मध्ये औषधाचा फरक पडतो. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी मोजून दाखवलं की ज्याला एक्स्ट्रा लार्ज कफ लागतो त्याला नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त येतो. तेव्हा मशीन घेताना दंडाचा घेर टेपने मोजा आणि कफवर छापलेल्या मापाशी जुळवा. अर्धा तास आधी कॉफी-सिगरेट नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, एका मिनिटाने दुसरं रीडिंग, असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. एका रीडिंगवर रडायचं नाही आणि हसायचंही नाही.

खाण्यात नक्की काय बदलायचं?

माझा विषय, त्यामुळे लांबेल. अमेरिकेच्या दक्षिणेतलं खाणं म्हणजे तळलेलं चिकन, बेकन-सॉसेज, कलेजी, चीज घातलेली मॅकरोनी, आणि जेवणाबरोबर गार गोड चहा ज्यात साखर अक्षरशः विरघळेनाशी होईपर्यंत घालतात. रिगार्ड्स या मोठ्या अभ्यासात (४५ च्या पुढचे लोक, हे लक्षात घ्या) ब्लॅक पुरुषांना गोऱ्यांपेक्षा जे जादा हायपरटेन्शन होतं त्यातला निम्म्याहून जास्त वाटा, ५१.६ टक्के, या खाण्याच्या पद्धतीशी जोडलेला निघाला, बायकांत २९.२. दुसरं कुठलंही एक कारण इतकं मोठं नव्हतं.

पण म्हणून आजीच्या हातचं खाणं वाईट ठरवू नका, माझे बरेच सहकारी हीच चूक करतात आणि पेशंट परत येत नाही. कोलार्ड ग्रीन्स ही उत्तम पालेभाजी आहे, ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली चवळी, रताळं आहे, भेंडी आहे. अडचण भाजीची नाही, तिच्यात तासभर शिजवलेल्या खारवलेल्या डुकराच्या तंगडीची आहे. तिच्याऐवजी स्मोक्ड टर्कीचा छोटा तुकडा (तोही खारट असतो, जपून), कांदा, लसूण, व्हिनेगर, लाल मिरची, चव राहते.

आणि तरुणांचं मीठ आजीच्या घरातून येतच नाही, पाकिटातून येतं. इन्स्टंट रॅमेनचं (मॅगीसारख्या नूडल्सचं) पाकीट उलटं करून बघा, सोडियम आठशे-साडेआठशे मिलिग्रॅम लिहिलेलं दिसेल, वाटतं ठीक आहे, मग वर बारीक अक्षरात बघा, सर्व्हिंग म्हणजे अर्धी वडी. अर्धी वडी कोण खातं? पूर्ण खाल्लं की दीड हजाराच्या पुढे गेलात, आणि दिवसाची मर्यादा २,३००, म्हणजे साधारण एक छोटा चमचा मीठ.

डॅश डाएटचं नाव ऐकलं असेल. १९९७ च्या मूळ ट्रायलमध्ये ४५९ लोक होते आणि त्यातले साधारण ६० टक्के ब्लॅक होते, म्हणजे हे "गोऱ्यांचं डाएट" नाही. फळं, भाज्या, कमी फॅटचं दूध-दही, दाणे, कडधान्यं, मीठ मुद्दाम न घटवता, तरी हायपरटेन्शनवाल्यांचं बीपी सरासरी ११.४/५.५ ने उतरलं, आठ आठवड्यांत. एका गोळीएवढा परिणाम झाला हा. दूध पचत नसेल तर दही किंवा लॅक्टोजविरहित दूध चालतं. पहिल्या महिन्यात एकच बदल करायचा असेल तर मी गोड पेय बंद करायला सांगते, कारण त्याने इन्सुलिनलाच आधी विश्रांती मिळते.

व्यायाम आणि वजन?

डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाच्या अमेरिकन अभ्यासात वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढ्यावर डायबेटिसचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने ३१. स्नायूंनी काम केलं की इन्सुलिनशिवायही ते साखर ओढून घेतात, त्यामुळे वजन उतरायच्या आधीच फायदा सुरू होतो. वजने उचलणंही चांगलं, फक्त श्वास रोखून नाही.

मुलींना वेगळं काही सांगायचं आहे का?

हो, गरोदरपणाचं. बीपी आणि रेझिस्टन्स आधीपासून असेल तर प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात बीपी चढून आई आणि बाळ दोघांना धोका होणारा आजार) शक्यता वाढते, आणि अमेरिकेत ब्लॅक बायकांत तो जास्त होतो. ऑलिम्पिक धावपटू ॲलिसन फेलिक्स, तिच्याइतकं फिट कोण असणार, तिलाही २०१८ मध्ये गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया होऊन ३२ व्या आठवड्यात तातडीचं सिझेरियन करावं लागलं. २०१९ मध्ये तिने हे अमेरिकन काँग्रेससमोर सांगितलं. धोका असलेल्यांना बाराव्या आठवड्यानंतर डॉक्टर लो-डोस ॲस्पिरिन देतात, ते विचारून घ्या. बाळंतपण झालं की बीपी मोजणं थांबवू नका, पुढच्या आयुष्यात हायपरटेन्शन होण्याची शक्यता अशा बायकांना जास्त असते.

ब्लॅक पेशंटला वेगळ्या गोळ्या देतात हे खरं का?

बरीच वर्षं तशी शिफारस होती, किडनीचा आजार नसेल तर सुरुवात थायझाइड (लघवी वाढवणारी) किंवा ॲम्लोडिपिनच्या जातीच्या (रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या) गोळीने. आधार २००२ च्या ऑलहॅट ट्रायलचा, त्यात ब्लॅक पेशंटमध्ये एकट्या लिसिनोप्रिलने (ही एसीई जातीची बीपीची गोळी) बीपी कमी उतरलं आणि स्ट्रोक जास्त झाले. एसीई जातीच्या गोळ्यांनी ओठ-जीभ सुजणं हेही ब्लॅक पेशंटमध्ये जास्त होतं, सुजली तर थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी. पण लघवीत प्रोटीन जात असेल तर त्याच गोळ्या किडनी वाचवतात, त्यामुळे कातडी बघून आपोआप नको म्हणणंही चूक. बहुतेकांना दोन गोळ्या लागतातच. मूल हवं असेल तर एसीई आणि त्यांच्याच भावंडासारख्या एआरबी गोळ्या चालत नाहीत, आधी बोला.

तरुण मुलं डॉक्टरकडे जातच नाहीत, काय करायचं?

अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ सरकारनेच ब्लॅक पुरुषांना सिफिलिसवर उपचार न देता नुसतं बघत ठेवलं, हे घराघरात माहीत आहे, त्यामुळे संशय उगाच नाही. शिवाय २६ व्या वर्षी आईबापांच्या इन्शुरन्समधून नाव कटतं, आणि मिसिसिपी, अलाबामासारख्या राज्यांनी मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, जास्त लोकांना लागू केलेलाच नाही. म्हणून जिथे ते जातात तिथे जायचं. लॉस एंजेलिसमध्ये ५२ न्हाव्यांच्या दुकानांत फार्मासिस्ट पाठवून तिथेच बीपी मोजलं, औषध दिलं. ३१९ पुरुष, सहा महिन्यांत वरचा आकडा २७ ने खाली, नुसतं डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलेल्या गटात ९.३. ते सगळे ३५ च्या पुढचे होते, विशीतल्यांसाठी असं काही मोठ्या प्रमाणावर व्हायला हवं.

आपल्या मराठी लोकांना यातून काही लागू होतं का?

रेझिस्टन्स आपल्यालाही लवकर गाठतो, पण आपली तऱ्हा वेगळी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२, तो दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. आपण बारीक दिसून आतून चरबीवाले, आणि आपले ट्रायग्लिसराइड मात्र भरपूर वाढतात. त्यामुळे आपल्या घरातले ठोकताळे ब्लॅक पेशंटला लावू नका आणि त्यांचे आपल्याला.

कधी तातडीने पळायचं?

१८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, एका बाजूला लुळेपणा, बोबडी वळणं, अंधारी किंवा असह्य डोकेदुखी, तर ९११ (अमेरिकेतला इमर्जन्सी नंबर). गरोदर असेल किंवा नुकतीच बाळंतीण असेल तर १६०/११० लाच. नुसता आकडा मोठा असेल आणि बाकी काही होत नसेल तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, तरी तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, सोमवारची वाट बघू नका.